अंगणात झालेला सर्व्हे

विद्यापीठाच्या विभागातून मेल आला तेव्हा मुलगी कूलरमध्ये पाणी भरत होती. पाइप तसाच सोडून तिने फोन वाचला. पाणी टाकीवरून खाली आलं, हॉलभर पसरलं, तरी ती वाचतच होती. बायको ओरडली, मी जाऊन नळ बंद केला. मग तिने फोन माझ्या हातात दिला आणि पोछा आणायला गेली.

मेल इंग्रजीत होता, पण अर्थ सरळ होता. तिच्या एमएस्सीच्या शेवटच्या सत्रातल्या प्रकल्पातली माहिती प्रत्यक्ष गोळा केलेली नसून घरी बसून रचलेली असावी, असा बाहेरून आलेल्या परीक्षकांचा संशय होता. शैक्षणिक प्रामाणिकपणाच्या समितीपुढे तिने हजर राहायचं होतं. पालकांपैकी एकाला सोबत बसता येईल, बोलता येणार नाही. तोवर निकाल राखून ठेवला आहे.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. माती-पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती आणि जून संपायच्या आत गुणपत्रिका दाखवून रुजू व्हायचं होतं. पर्यावरणशास्त्र शिकलेल्या मुलीला नागपुरात, घरी राहून करता येईल अशी नोकरी वारंवार मिळत नाही. गुणपत्रिका नाही तर नोकरी नाही, इतका तो हिशेब साधा होता.

मेलला विद्यापीठाची नियमावली जोडली होती. ती मी गच्चीवर फेऱ्या मारत पूर्ण वाचली. परीक्षेतली कॉपी, दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून देणं, प्रकल्प विकत लिहून घेणं, कॉम्प्युटरकडून लिहून घेणं, असं सगळं वेगवेगळं सांगून प्रत्येकापुढे शिक्षा दिली होती. ‘माहिती रचणे’ हे कॉपीच्या वरचं पाप धरलं होतं. त्याला नोंदणी रद्द होण्यापर्यंत शिक्षा होती. खाली हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत भाजीवाल्याचा भोंगा चालू होता. मला तो इतका लागला की मी वरून त्याला ‘जा गा बाबा पुढे’ म्हणून ओरडलो. माझ्याकडून असं होत नाही सहसा.

मग मी तिचा अहवाल उघडला.

विषय होता भिवापूरकडच्या मिरची उत्पादकांच्या फवारणीच्या सवयी. भिवापूरजवळच्या एका खेड्यात माझी सासुरवाडी आहे. तिथे बायकोचा मोठा भाऊ शेती करतो, म्हणून मुलीने ते गाव घेतलं होतं. मागे जोडलेल्या तक्त्यात एकेका शेतकऱ्याची ओळ होती. हंगामात किती फवारण्या करता, औषध कोणाला विचारून आणता, हातमोजे घालता का, तोंडाला बांधता का, रिकामे डबे कुठे टाकता. फवारण्यांच्या रकान्यात पहिल्या ओळीला आठ होते. खाली आठ. त्याखाली आठ. पान उलटलं तरी आठच, मधे कुठेतरी एक नऊ. हातमोजे सगळ्यांचे ‘होय’. औषध सगळ्यांनी कृषी केंद्रवाल्याला विचारून आणलेलं.

मी एका कंपनीत गोदामातला माल आणि कागदावरचा माल जुळतो का हे पाहण्याचं काम करतो. आयुष्य त्यातच गेलं. गोदामात खरंच जाऊन मोजलेल्या मालाचे आकडे कधी असे रांगेत उभे राहत नाहीत. कुठे कमी निघतं, कुठे जास्त, कुठे मोजणाऱ्याने खोडून पुन्हा लिहिलेलं असतं. असे सरळ आकडे ज्याने आणले तो माणूस गोदामात गेलेला नसतो, झाडाखाली बसून आलेला असतो. ही माझी रोजची समजूत. आता ती माझ्या मुलीच्या नावाखाली छापलेली मी पाहत होतो.

रात्रीच्या जेवणाआधी मी तिला विचारलं. “खरं सांग. किती जणांना भेटलीस?”

“सगळ्यांना.”

“मग आकडे असे कसे?”

“त्यांनी सांगितले तसे.” तिने माझ्याकडे पाहिलं. “बाबा, तुम्हीपण?”

“मी परीक्षक असतो तर मीही हेच पत्र पाठवलं असतं.”

बायकोने पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि स्वयंपाकघरातून बाहेर आली. “घरचं लेकरू आहे ते. तुमच्या गोदामातला हमाल नाही.”

मुलगी रडली नाही. खुर्चीच्या पाठीवरचं सुटलेलं प्लास्टिक नखाने सोलत बसली आणि हळूहळू सांगायला लागली. ती एप्रिलच्या उन्हात गावात पोहोचली होती. घरोघर जायचं म्हणून तिने टोपी, पाण्याची बाटली, प्रश्नावलीच्या प्रती, सगळं घेतलं होतं. पण मामाने तिला अंगणाच्या बाहेर पडूच दिलं नाही. कोतवालाकडून सगळ्या मिरचीवाल्यांना निरोप गेला. अंगणात मांडव होताच, त्याखाली सतरंज्या पडल्या, पोहे झाले, चहाचं पातेलं चढलं. मामा खाटेवर आणि ती खाटेच्या कडेला. एकेक जण समोर येऊन बसला आणि तिने एकेकाला सगळे प्रश्न विचारले.

“पहिलं कोणाला विचारलंस?” मी म्हणालो.

“मामालाच. घरचेच म्हणून.”

“ते काय म्हणाले?”

“आठ.”

मग मला पुढचं विचारायची गरज राहिली नाही. माझे साळे गावात मोठे आहेत. वयानेही आणि शब्दानेही. त्यांनी आठ म्हटल्यावर त्यांच्या अंगणात, त्यांचे पोहे खात, त्यांच्यासमोर बारा कोण म्हणणार? आणि पाच तरी कोण म्हणणार? जास्त म्हणावं तर यांच्यापेक्षा जास्त औषध मारतो म्हणजे शेती येत नाही असं होतं. कमी म्हणावं तर मोठेपणा होतो. मधला तो एक नऊवाला कोण होता विचारलं तर म्हणाली, तो उशिरा आला होता, मामाचं उत्तर त्याने ऐकलंच नव्हतं.

माझा जीव क्षणभर भांड्यात पडला. मुलीने आकडे रचले नव्हते. पण लगेच अहवालातलं तिसरं, पद्धतीबद्दलचं प्रकरण आठवलं. मी पुन्हा अहवाल घेतला आणि त्यातलं एक वाक्य तिच्यापुढे धरलं. ‘संशोधिकेने प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी जाऊन, त्याला एकट्याला भेटून मुलाखत घेतली.’

“हे?”

तिने ते वाचलं. “विभागाने नमुना म्हणून जुना अहवाल दिला होता. त्यात असंच होतं. सगळे तेच लिहितात, बाबा. ते वाक्य असतंच तिथे. मी ते वाचलंसुद्धा नाही नीट.”

ते मला पटलं, आणि तिथूनच माझी खरी तळमळ सुरू झाली. कारण समितीला खरं सांगायचं तर हे वाक्य खोटं ठरतं, आणि हे वाक्य खरं धरायचं तर आकडे खोटे ठरतात. मी कागद घेऊन दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. कुठल्याच बाजूने निकाल जूनमध्ये येत नव्हता.

बायकोने सकाळीच भावाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“काहून वं, काय झालं? आवाज असा काहून येऊन राहिला तुहा?”

बायकोने सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, “खोटं म्हणते? माह्या अंगणात झालेलं खोटं म्हणते? भाऊजी हायेत का तिथं? भाऊजी, पोट्टीले घरोघर उन्हात फिरवू का मी? भोवळ येऊन पडली असती तं तुमीच म्हटलं असतं का मामानं लक्ष नाई देल्लं.”

“तसं नाही,” मी म्हणालो. “पण सगळ्यांनी एकमेकांसमोर सांगितलं ना, म्हणून उत्तरं एकसारखी आली.”

“एकसारखी येतीनच नं! गाव एक, माती एक, कृषी केंद्र एक. मंग उत्तर काय वेगळं येईन?” मग आवाज खाली आला. “तुमी काई टेन्शन घेऊ नका. मी करतो त्याचा बंदोबस्त.”

बंदोबस्त म्हणजे काय हे रविवारी कळलं. ते सकाळच्या बसने आले. पांढरा सदरा, पिशवीत आमच्यासाठी मिरची, आणि एक लांब कागद. ‘सदर मुलगी आमच्या घरी स्वतः येऊन आम्हास प्रश्न विचारून गेली’ असं वर लिहिलेलं आणि खाली सगळ्यांच्या सह्या. काहींचे अंगठे.

“हे घ्या,” ते म्हणाले. “आता कोण खोटं म्हणते ते पाहू. गावभर फिरलो मी याच्यापायी.”

म्हणजे घरोघर फिरणं झालं होतं, फक्त ते मामाचं झालं होतं. बायकोचे डोळे भरून आले होते. तिने कागदाची घडी करून देवापुढे ठेवली.

“पण दादा, त्यांच्या घरी ती गेली नव्हती,” मी म्हणालो.

“तुमी बी कमाल करता जी! हेच लोक होते का नाई? हेच बोलले का नाई? मंग अंगण माहं होतं का त्यायचं होतं, यानं काय बिघडते?”

“तिने लिहिलंय एकट्याला भेटून.”

“एकटाच बसे नं समोर एकेक जण. मांडीवर थोडी बसले दोघं दोघं?”

बायको हसली. मुलगीही हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा. मलाच हसू आलं नाही. मी म्हणालो, हा कागद दिला तर एका खोट्या वाक्याखाली सगळ्या गावाची सही होईल. समितीने एखाद्याला फोन करून विचारलं तर तो बिचारा काय सांगणार?

“मी सांगतो थेच सांगन,” साळे म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांना कळलं नाही. मुलीला कळलं. तिचं हसू गेलं.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. मुलीने काही चोरलेलं नाही, रचलेलं नाही. एका वाक्यापायी नोकरी घालवायची असेल तर तो प्रामाणिकपणा तुम्ही तुमच्या गोदामात ठेवा. मला तिचं चूक वाटत नव्हतं, हाच त्रास होता. मी ऑफिसला जायचो आणि परत यायचो. सक्करदऱ्याच्या चौकात सिग्नल हिरवा झाल्यावरही गाडी पुढे घ्यायचं राहून जायचं आणि मागचे शिव्या द्यायचे. तिने काय करावं हे मी तिला सांगितलं नाही. सांगायचं ठरवून दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो होतो.

समितीच्या दिवशी साळे पुन्हा आले. म्हणाले, मी साक्षीदार आहे, मला आत घ्या. शिपायाने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. मुलीच्या पर्समध्ये तो कागद होता. आईने निघताना स्वतः घातला होता. ती तो काढणार की नाही हे मला माहीत नव्हतं आणि विचारण्याची माझी हिंमत झाली नव्हती.

आत लांब टेबल होतं. अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, शेजारी दोन प्राध्यापक. मला भिंतीकडची खुर्ची दिली.

एका प्राध्यापकाने अहवालाचं ते पान उघडून तिच्याकडे सरकवलं. “मॅडम, या गावात सगळे शेतकरी जुळे भाऊ आहेत का?”

“नाही सर.”

“मग सगळ्यांच्या फवारण्या आठ?”

“सगळ्यांनी आठच सांगितल्या.”

“आणि हातमोजे? आमच्याकडे शेतकरी हातमोजे घालतात, हे मला तर पहिल्यांदाच कळून राहिलं.” दुसरे प्राध्यापक हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

“तू घरोघर गेली होतीस?” बाईंनी विचारलं.

मुलीचा हात पर्सवर गेला. चेनचा आवाज मला ऐकू आला. मी खुर्चीत पुढे सरकलो. काही बोलायचं नाही हे मला तीनदा बजावलं होतं, आणि तोंडात काय येत होतं ते ‘दे’ होतं की ‘नको’, हे आजही मला सांगता येत नाही.

तिने पर्समधून रुमाल काढला.

“नाही मॅडम. एकाच अंगणात विचारलं सगळ्यांना. माझ्या मामाच्या.”

“मामा तिथे होते?”

“हो. खाटेवर. माझ्याजवळ.”

“आणि पहिलं उत्तर?”

“त्यांचंच.”

बाई मागे टेकल्या. मघाचे प्राध्यापक आता तक्त्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले, एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “आणि हा नऊवाला?”

“तो उशिरा आला सर.”

यावर बाईसुद्धा हसल्या. पण लगेच त्यांनी तिसरं प्रकरण काढलं. “मग हे घरी जाऊन, एकट्याला भेटून, हे कुणाचं वाक्य?”

“नमुन्याच्या अहवालातलं. पण लिहिलं मी. माझं नाव आहे त्याच्यावर.”

आम्हाला बाहेर बसवलं. मग आत बोलावून निर्णय सांगितला. माहिती रचल्याचा ठपका काढून टाकला. पण पद्धतीबद्दल खोटं विधान केलं म्हणून प्रकल्पाचे गुण रद्द. सर्व्हे पुन्हा करायचा, खरंच घरोघर, आणि अहवाल पुन्हा द्यायचा. निकाल त्यानंतर. विभागाने नमुना म्हणून काय दिलं तेही तपासू, असं बाई म्हणाल्या. ते तपासलं की नाही मला माहीत नाही.

जूनची मुदत हातातून गेली होती. प्रयोगशाळेला तिने कॉरिडॉरमध्ये उभं राहूनच फोन केला. ते लोक सभ्य होते, थांबू शकत नाही म्हणाले.

साळे बाकावरून उठले. “कागद दाखवला?”

“नाही मामा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी सांगतलं तिले?”

“मी काहीच सांगितलं नाही.”

“थेच म्हणतो मी. बापानं काई सांगाव का नाई?” मग मुलीकडे वळून हळू म्हणाले, “एवढ्या लोकायच्या सह्या घेतल्या वं मी. आता गावात काय सांगू? भाचीले मामाचं काम खोटं वाटलं म्हणू का?”

“मामा, तुमच्या समोर कोणी खरं सांगत नाही,” ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं. मला वाटतं हे तिलाही समितीपुढे बसल्यावरच उमगलं असावं.

ते जेवायला घरी आले नाहीत. बसस्टँडवर सोडतो म्हटलं तर ऑटोने गेले. बायकोने मला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. मुलगी बरोबर वागली का, असं तिने एकदा विचारलं आणि माझं उत्तर यायच्या आत उठून गेली. बरं झालं. ‘हो’ म्हणायला मला वेळ लागला असता, कारण त्या दिवसापुरती तरी किंमत मुलीने एकटीने भरली होती आणि मी भिंतीकडे बसलो होतो.

दोन आठवड्यांनी मी सुटी काढून तिला गाडीवर घेऊन गावाला गेलो. आधी साळ्यांच्या घरी. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, ख्यालीखुशाली विचारली. सर्व्हेचं नाव काढलं नाही. आम्ही उठलो तेव्हा म्हणाले, “जा. फिरा. ऊन काई कमी नाई झालं.”

पहिल्या दोन घरी पुरुष भेटले, बोलले. मी सोबत होतो. एकाने आठ सांगितल्या आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू मी हे साळ्यांपर्यंत पोचवावं. तिसऱ्या घरी कर्ता बाजाराला गेला होता. दारात त्याची बायको होती, डोक्यावरचा पदर सारखा करत. मुलीने कशासाठी आलो ते सांगितलं. ती बाई ऐकत होती, पण पाहत माझ्याकडे होती. मी गावचा जावई.

“बस वं बाई, घरात ये,” ती मुलीला म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, “जवाईबापू जराक तिकडं बसतीन का? बाभळीखाली सावली हाय.”

मी गाडी ढकलत बाभळीपर्यंत नेली. तिथून दार दिसत होतं, शब्द ऐकू येत नव्हते. ती बाई बोलायला लागली होती. मधेच तिने दोन्ही हात पुढे करून मनगटापासून वर काहीतरी दाखवलं. शेजारच्या घरातून आणखी एक बाई आली आणि आत गेली. मुलीने पान उलटलं, पुन्हा उलटलं. मी घड्याळ पाहिलं, गाडीचा आरसा पुसला, पुन्हा घड्याळ पाहिलं.

साळे जेवायला बोलवायला म्हणून रस्त्याने आले. दारापाशी पोहोचले तसा आतला आवाज थांबला. ते तिथेच उभे राहिले, मग काय वाटलं कोण जाणे, वळून माझ्याकडे बाभळीखाली आले. आत पुन्हा बोलणं सुरू झालं.

“काय सांगून राहिल्या असतीन जी एवढं?” ते म्हणाले.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं. जेवणाचा निरोप द्यायला मात्र ते दाराकडे गेले नाहीत.